गुप्त उष्णतेचा जमाखर्च



ठाण्याची खाडी व पनवेलची खाडी यांच्या कांठानें जो सखल प्रदेश उरणपर्यंत पसरला आहे, त्यावर नवी मुंबई हें नगर वसलें आहे. १७ मार्च १९७० रोजीं सिडको या मंडळाची स्थापना झाली. ठाणें, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी या योजनेंत आल्या. आणि जेथें भाताचीं खाचरें, खाजणें व मिठागरें होतीं, तेथें रुंद रस्ते झाले व उंच इमारती उभ्या राहिल्या. उरण-पेणच्या बाजूस कांहीं ठिकाणीं मात्र उन्हाळ्यांत मिठाच्या पांढऱ्या राशी अजूनहि दृष्टीस पडतात. समुद्राचें पाणी आगरांत घ्यावें, उन्हांत आटूं द्यावें आणि खालीं राहिलेलें मीठ ओढून काढावें, हा उद्योग या किनाऱ्यावरील आगरी लोक पिढ्यानुपिढ्या करीत आले. आगर या शब्दावरूनच त्यांचें नांव पडलें असें मानतात.

पाहणाऱ्यास हा उद्योग अगदीं साधा वाटतो. पाणी उडून जातें व मीठ मागें राहतें. यांत शास्त्र तें काय, असा प्रश्न कोणीहि विचारील. परंतु पाणी उडून जातें, एवढ्या लहानशा वाक्यांत रसायन व पदार्थविज्ञान या दोन्ही शास्त्रांचा एक मोठा नियम सामावलेला आहे. पदार्थ एका अवस्थेंतून दुसऱ्या अवस्थेंत जातांना उष्णतेची फार मोठी देवघेव होते, आणि नवल असें कीं या देवघेवीची नोंद उष्णतामापकांत मुळींच होत नाहीं. ही न दिसणारी उष्णता मिठागरांत मीठ पिकवते, कोळणीच्या टोपलींतील मासा ताजा ठेवते आणि भर उन्हांत उभ्या असलेल्या मनुष्याचे प्राणहि राखते. जेथें तिची देवघेव अडते, तेथें प्राण जातातहि. याच प्रदेशांत तसें घडलेलें आहे. ती हकीकत पुढें येईल. तत्पूर्वीं मूळ नियम समजून घेतला पाहिजे.

प्रत्येक पदार्थ अतिशय सूक्ष्म कणांचा बनलेला असतो. पाण्याच्या अशा कणास रेणु म्हणतात. हे रेणु क्षणभरहि स्वस्थ नसतात. बर्फाच्या खड्यांत, म्हणजे घन अवस्थेंत, ते कवायतीस उभ्या केलेल्या मुलांप्रमाणें रांगा धरून असतात. जागा कोणी सोडीत नाहीं, परंतु जागच्या जागीं प्रत्येकाची चुळबूळ चाललेली असते. द्रव अवस्थेंत रांगा मोडतात, पण घोळका कायम राहतो. रेणु एकमेकांस धरूनच इकडून तिकडे सरकतात, आणि म्हणून पाणी ज्या भांड्यांत घालावें त्याचा आकार घेतें. वायुरूप अवस्थेंत घोळकाहि फुटतो. मधल्या सुटीची घंटा होतांच मुलें मैदानभर पांगावीं, तसे वाफेचे रेणु मिळेल तेवढी जागा व्यापतात. एकाचा दुसऱ्याशीं जवळजवळ संबंध उरत नाहीं.

आतां उष्णतामान म्हणजे काय? या रेणूंच्या सरासरी हालचालीच्या जोराचें तें माप आहे. पाणी तापवलें म्हणजे रेणूंची धांवपळ वाढते व उष्णतामापकांतील पारा वर चढतो. परंतु रांगा मोडण्यास किंवा घोळका फोडण्यास जी कार्यशक्ति लागते ती रेणूंची धांवपळ वाढवण्याकडे जात नाहीं. ती त्यांची परस्परांवरील पकड सोडवण्यांत खर्च होते. म्हणून त्या वेळीं चुलीवरून उष्णता सारखी येत असली तरी पारा जागचा हलत नाहीं. हा अनुभव प्रत्येक स्वयंपाकघरांत आहे. पाण्यास एकदां खळखळून उकळी फुटली कीं खालीं जाळ कितीहि वाढवा, पाणी १०० अंशांच्या वर जात नाहीं. तें फक्त अधिक वेगानें वाफ होऊन निघून जातें. वाढवलेला जाळ डाळ लवकर शिजवीत नाहीं, सरपण किंवा गॅस मात्र संपवतो.

या उष्णतेचा शोध अठराव्या शतकांत लागला. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठांत जोसेफ ब्लॅक नांवाचे प्राध्यापक होते. १७६२ च्या सुमारास त्यांनीं या विषयाचे प्रयोग करून आपले निष्कर्ष मांडले. त्यांचा विचार मोठा मार्मिक होता. हिंवाळा संपून हवा जराशी ऊबदार झाली कीं डोंगरावरील बर्फ एकदम पाणी होत नाहीं. तो कित्येक आठवडे हळूहळू वितळत राहतो. बर्फ वितळण्यास नांवापुरतीच उष्णता लागत असती, तर वसंत ऋतूच्या पहिल्या ऊबदार दिवशींच सारा बर्फ वितळून नद्यांस प्रलयंकारी पूर आले असते. तसें होत नाहीं, याचा अर्थ बर्फ आपल्या पोटांत पुष्कळ उष्णता घेत असतो व ती दडवून ठेवतो. या दडलेल्या उष्णतेस गुप्त उष्णता हें नांव मिळालें.

तिचें प्रमाण किती आहे, हें आंकड्यांवरून चांगलें कळेल. एक ग्रॅम पाणी एका अंशानें तापवण्यास जी उष्णता लागते ती एक कॅलरी. शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फाचें शून्य अंशावरीलच पाणी करण्यास ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेंत तें पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलें असतें. पाण्याची वाफ करणें तर याहूनहि खर्चाचें. १०० अंशांवरील एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५४० कॅलरी पडतात. न उकळतां, ३० अंशांच्या आसपास साध्या हवेंत पाणी उडून जातें तेव्हां हा आंकडा आणखी थोडा वाढून ५८० च्या घरांत जातो, कारण थंड पाण्यांतील रेणूंची पकड अधिक घट्ट असते. वाफेचें पुन्हां पाणी होतें तेव्हां घेतलेली सारी उष्णता ती परत करते. मोदकपात्राचें झांकण उघडतांना वाफेचा भपकारा हातावर आला तर उकळत्या पाण्याच्या शिंतोड्यापेक्षां जो मोठा चटका बसतो, त्याचें कारण हेंच. वाफ प्रथम आपली दडवलेली ५४० कॅलरींची ठेव हातावर रिकामी करते आणि मग उकळत्या पाण्याप्रमाणें भाजते.

या जमाखर्चाचा सर्वांत सोपा उपयोग मासळीच्या व्यापारांत दिसतो. उरणजवळ करंजा हें मच्छीमारांचें जुनें बंदर आहे. होडी समुद्रावर जातांना बर्फ बरोबर घेते आणि मासळी बर्फाच्या चुऱ्यांत दाबून आणली जाते. तेथें नुसतें थंड पाणी कां वापरीत नाहींत? शून्य अंशाचें १० किलो पाणी १० अंशांपर्यंत तापलें तर तें मासळींतून १०० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतें. तेवढाच बर्फ नुसता वितळतांना ८०० किलोकॅलरी घेतो, म्हणजे आठपट. आणि बर्फाचा शेवटचा खडा वितळेपर्यंत भोंवतालचें पाणी शून्य अंशाच्या आसपासच राहतें. मासळी ताजी राहते ती बर्फ थंड असतो एवढ्यामुळेंच नव्हे. तो वितळत असतो, म्हणून ती राहते.

याच बर्फांत मीठ घातलें तर आणखी एक चमत्कार दिसतो. खारें पाणी शून्य अंशावर गोठत नाहीं. त्यामुळें मिठाच्या सहवासांत बर्फ शून्याच्या खालीं असतांनाहि वितळूं लागतो. वितळण्यास लागणारी उष्णता बाहेरून पुरेशी मिळाली नाहीं कीं तो ती स्वतःपासून व शेजारच्या वस्तूंपासून काढतो, आणि सारें मिश्रण गार गार होत जातें. तीन भाग बर्फ व एक भाग मीठ यांचें मिश्रण नीट साधलें तर शून्याखालीं २१ अंशांपर्यंत उतरतें. हातानें फिरवण्याच्या यंत्रांत आइस्क्रीम करतांना भोंवतीं बर्फ व जाडें मीठ घालीत, तें याच कारणानें. दूध शून्य अंशावर नीट गोठलें नसतें.

आतां पुन्हां मिठागराकडे वळूं या. पावसाळा सरल्यावर आगरी आपल्या आगराचे बांध नीट करतो, तळ चोपून घट्ट करतो, आणि भरतीचें पाणी उघाडींतून आंत घेतो. हें पाणी एका कप्प्यांतून दुसऱ्या कप्प्यांत असें फिरवीत नेतात, आणि प्रत्येक कप्प्यांत तें अधिकाधिक दाट होत जातें. समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकीं सुमारें २७ ग्रॅम आपलें नेहमींचें मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. बाकीचे चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार. पाणी आटूं लागलें म्हणजे हे सर्व एकदम खालीं बसत नाहींत. प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. प्रथम चुनखडी बसते. मूळ पाणी चौथ्या-पांचव्या हिश्श्यावर आलें कीं जिप्सम बसतें. पाणी सुमारें दहाव्या हिश्श्यावर आलें म्हणजे मिठाचे चौकोनी स्फटिक दिसूं लागतात. मॅग्नेशियमचे कडू क्षार सर्वांच्या शेवटीं येतात. म्हणून शहाणा आगरी जिप्सम आधींच्या कप्प्यांत सोडून येतो आणि मीठ काढून झाल्यावर उरलेलें कडू पाणी वेळींच काढून टाकतो. त्यानें तें अंमळ जास्त आटूं दिलें, तर मीठ कडवट होतें व त्यास ओल सुटते. पावसाळ्यांत घरांतील बरणीमधील खडे मिठास पाणी सुटतें, तो दोष मुख्यत्वें या राहून गेलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडचा. हवेंतील वाफ ओढून घेऊन तिचें पाणी करणें हा त्या क्षाराचा स्वभावच आहे.

या कामांत उष्णता किती लागते? एक टन मीठ हवें असेल तर सुमारें ३७ हजार किलो समुद्राचें पाणी आगरांत घ्यावें लागतें आणि त्यांतील जवळजवळ ३५ ते ३६ हजार किलो पाणी उडवावें लागतें. किलोमागें ५८० किलोकॅलरी धरल्या तर हा हिशेब दोन कोटींच्या वर जातो. चांगल्या दगडी कोळशाच्या एका किलोंतून सहा हजार किलोकॅलरी मिळतात असें मानलें, तर एक टन मिठासाठीं साडेतीन टन कोळसा जाळावा लागेल, आणि तोहि त्यांतील उष्णतेचा एक कणहि वायां गेला नाहीं तर. एवढा कोळसा विकत घेऊन मीठ करण्याचें म्हटलें तर त्याची किंमत गरिबाच्या भाकरीस परवडणारी नव्हती. हा सारा खर्च सूर्य भरतो. कोरड्या दिवसांत आगरांतून रोज पांच-सहा मिलिमीटर पाणी उडतें. सहा मिलिमीटर धरलें तर १०० चौरस मीटर जागेंतून दिवसास ६०० लिटर, आणि एक टन मिठाचें पाणी उडण्यास सुमारें ६० दिवस. पाणी जसजसें दाट होतें तसतसें तें आटण्यास अधिक कुरकुर करतें, म्हणून प्रत्यक्षांत याहूनहि थोडा अधिक काळ लागतो.

आतां अशा राशीवर चैत्र-वैशाखांत अवकाळी पावसाची एक जोरदार सर आली, तर काय होतें तें पाहावें. एक लिटर गोडें पाणी सुमारें ३६० ग्रॅम मीठ आपल्या पोटांत विरघळवूं शकतें. दोन महिने सूर्यानें जो घोळका एकेक रेणु सोडवून फोडला, तो आभाळांतून परत येतो आणि घटकाभरांत मीठ पुन्हां पाण्यांत जातें. आगऱ्याची मजुरी तर गेलीच. पण कोळशाच्या हिशेबानें सांगावयाचें तर सरीबरोबर टनावारी जळण वाहून गेलें. पाऊस जवळ आला म्हणजे राशींवर गवत किंवा झांप घालण्याची जी लगबग उडते, तिच्या मागें हा जमाखर्च आहे; मग त्यास शास्त्रीय नांव कोणी देवो अथवा न देवो.

आगऱ्याच्या अनुभवांतील दुसरी एक गोष्ट येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. पाणी उडण्यास केवळ ऊन पुरत नाहीं. हवा कोरडी लागते व वारा लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणु जसे बाहेर पडतात, तसे हवेंतील वाफेचे रेणु परत पाण्यांत येऊनहि पडत असतात. हवेंत वाफ थोडी असली तर जाणारे पुष्कळ व येणारे थोडे, म्हणून पाणी झपाट्यानें आटतें. हवा वाफेनें भरलेली असली तर जेवढे जातात जवळजवळ तेवढेच परत येतात, आणि ऊन कडक असूनहि पाणी आटत नाहीं. वारा पाण्यालगतची दमट हवा दूर नेतो व तिच्या जागीं कोरडी हवा आणतो. त्यामुळेंच हिंवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यांत मीठ बरें पिकतें आणि आभाळ कोंदलें, वारा पडला कीं आगरी कष्टी होतो.

मातीच्या माठाचा व्यवहारहि असाच आहे. माठाच्या छिद्रांतून पाझरणारें पाणी उडून जातांना माठांतील पाण्याची उष्णता घेऊन जातें. विदर्भांत माठाचें पाणी दांत शिवशिवण्याइतकें गार होतें. तोच माठ पनवेलीस किंवा उरणास ठेवला तर पाणी जेमतेम गार होतें. नागपूरकडे वाळ्याचे पडदे व पाणी शिंपडणारे कूलर घर थंड करतात; नवी मुंबईंत तोच कूलर मे महिन्यांत लावला तर तो खोलींत ओलावाच वाढवतो. माठांत दोष नाहीं, कूलरांत दोष नाहीं; हवेंत जागा उरलेली नसते.

आणि मनुष्याचें शरीर हाहि एक माठच आहे. आपल्या पोटांत अन्नाचें मंद ज्वलन अखंड चाललेलें असतें. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य तासास सुमारें ८० किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. कष्टाचें काम करणारा त्याच्या तिप्पट-चौपट. ही उष्णता बाहेर गेली नाहीं तर शरीर तापत जाईल. हवा शरीराहून थंड असते तेव्हां ती सहज निघून जाते. परंतु हवा ३६-३७ अंशांच्या वर गेली म्हणजे तो मार्ग बंद होतो. उलट बाहेरचीच उष्णता आंत येऊं लागते, आणि डोक्यावरचें ऊन तींत भर घालतें. मग एकच वाट उरते, ती म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. यांत वाळला हा शब्द महत्त्वाचा आहे. जो घाम निथळून जमिनीवर पडला किंवा रुमालानें पुसला गेला, त्यानें शरीरांतील पाणी व मीठ तेवढें नेलें. उष्णता फारशी नेली नाहीं. दमट हवेंत मनुष्य घामानें न्हाऊन निघतो आणि तरीहि त्यास थंडावा वाटत नाहीं, त्याचें कारण हें आहे.

हा मार्गहि अडला तर किती वेळांत काय होईल? साठ किलो वजनाच्या शरीराचें उष्णतामान एका अंशानें चढण्यास सुमारें ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची सर्व दारें बंद झालीं, तर नुसतें स्वस्थ बसलेल्या मनुष्याचेंहि उष्णतामान तासाभरांत दीड अंशानें चढेल. उन्हाची भर पडली तर त्याहून लवकर. सदतीस अंशांच्या शरीरास चाळिशीपलीकडे जाण्यास मग फार अवधि लागत नाहीं; आणि तेथें उष्माघाताची हद्द सुरू होते, मेंदूचें काम बिघडूं लागतें.

१६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें उघड्या मैदानावर एक फार मोठा सार्वजनिक सन्मान-समारंभ झाला. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून लाखों माणसें श्रद्धेनें आलीं होतीं आणि भर उन्हांत कित्येक तास बसलीं होतीं. त्या दिवशीं त्या परिसरांत पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भांतल्या मनुष्यास हा आंकडा ऐकून हंसूं येईल. तेथें ३८ अंश म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात. परंतु त्या समारंभानंतर उष्माघातानें १४ माणसें मृत्यु पावलीं आणि अनेकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. ज्या घरांतून तीं माणसें निघालीं होतीं, तेथें तीं परत गेलीं नाहींत.

ही घटना समजून घेण्यास केवळ पाऱ्याचा आंकडा पुरत नाहीं. समुद्राजवळची हवा दमट, माथ्यावर ऊन, आणि दाट गर्दी. माणसें खेटून बसलीं म्हणजे प्रत्येकाच्या श्वासानें व घामानें मधली हवा आणखी दमट होते आणि वारा आंत शिरत नाहीं. म्हणजे ज्या स्थितींत मिठागरांतील पाणी आटेनासें होतें, तीच स्थिति मनुष्याच्या कातडीभोंवतीं होते. त्यांतून वृद्धांचें हृदय दुबळें, कित्येकांनीं प्रवासांत पुरेसें पाणी न प्यालेलें. भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करतांना मैदानी प्रदेशास ४० अंशांची मर्यादा धरतो, आणि किनाऱ्यावरील ठिकाणांस ३७ अंशांची. हा फरक काय म्हणून, असें विचारणाऱ्यास आतां उत्तर सांपडेल.

हवेची ही थंड करण्याची ताकद मोजण्याचें साधन अगदीं स्वस्त आहे. दोन सारखे उष्णतामापक घ्यावे. एकाच्या टोंकास ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळून तिचें दुसरें टोंक पाण्याच्या भांड्यांत सोडावें व वारा घालावा. चिंधींतील पाणी उडूं लागलें कीं ओला उष्णतामापक खालीं उतरतो. हवा जितकी कोरडी तितका तो अधिक उतरतो. नागपूरास ४४ अंश उष्णतामान व हवेंत आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला उष्णतामापक सुमारें २३ अंश दाखवील. किनाऱ्यावर ३४ अंश उष्णतामान व आर्द्रता ७० टक्के असेल, तर तो सुमारें २९ दाखवील. कोरड्या पाऱ्यानें पाहिलें तर नागपूर दहा अंशांनीं अधिक तप्त; ओल्या पाऱ्यानें पाहिलें तर किनारा सहा अंशांनीं अधिक कठीण. ओला पारा ३५ अंशांवर गेला तर सावलींत स्वस्थ बसलेला निरोगी मनुष्यहि फार काळ टिकूं शकणार नाहीं, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे; आणि अलीकडील प्रयोगांत तरुण, निरोगी माणसांचेंहि शरीर ३१ अंशांच्या आसपासच उष्णतेपुढें हार खाऊं लागतें असें दिसून आलें. यावरून कोरडी उष्णता निरुपद्रवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. तेथें घाम इतक्या झपाट्यानें वाळतो कीं मनुष्यास घाम आल्याचें भानच राहत नाहीं, आणि शरीरांतील पाणी संपलें कीं तोहि मार्ग बंद होतो.

या ज्ञानाचा उपयोग व्यवहारांत सहज होण्यासारखा आहे. उन्हाळ्यांतील सभा, मिरवणुकी, लग्नें व खेळाचे सामने सकाळीं लवकर किंवा सूर्यास्तानंतर ठेवावे. मांडवास छप्पर असावें, पण बाजू मोकळ्या असाव्या; वारा आला पाहिजे. बसण्याच्या रांगांत अंतर ठेवावें. पाण्याबरोबर थोडें मीठ व साखर पोटांत जावी, कारण घाम नुसतें पाणी नेत नाहीं. एखाद्यास भोंवळ आली, बोलण्यांत असंबद्धपणा आला व अंग तापलेलें लागलें, तर त्यास तत्काळ सावलींत न्यावें, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतावें व जोरानें वारा घालावा. हवा दमट असल्यामुळें पाणी फारसें वाळत नसेल, तर बर्फ व थंड पाणी थेट अंगास लावावें. वितळणारा बर्फ उष्णता घेतो, त्यास हवेची परवानगी लागत नाहीं. मनुष्य बेशुद्ध असेल तर तोंडांत पाणी ओतूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत थंड करणें थांबवूं नये.

आज किनाऱ्यावरील बहुतेक शाळांत प्रयोगाचें सामान आहे. दोन उष्णतामापक, एक चिंधी व पाण्याची एक वाटी एवढें व्हरांड्यांत सावलीस टांगून ठेवण्यास कांहीं खर्च नाहीं. मार्चपासून जूनपर्यंत रोज दुपारीं एखाद्या विद्यार्थ्यानें दोन्ही आंकडे वाचावे व फळ्यावर लिहावे. ओला आंकडा २८-२९ च्या वर गेला, त्या दिवशीं कवायत व खेळ बंद ठेवावे. घन, द्रव व वायु या तीन अवस्थांची व्याख्या मुलें परीक्षेपुरती पाठ करतात आणि विसरतात. फळ्यावरील त्या दोन आंकड्यांमधलें अंतर रोज पाहणारें मूल ती विसरणार नाहीं, आणि घरीं गेल्यावर शेतावर किंवा बांधकामावर जाणाऱ्या बापास त्या दिवशींचा ओला आंकडा सांगेल.